बुबू उनाइसीचा दुसरा वाफा

ओहोटी पूर्ण उतरली आणि ऊन डोक्यावर आलं की बुबू उनाइसीचा दुसरा वाफा घसा खाकरतो. तीनदा. दोन बारके, मग एक लांब, ओढलेला.

मी नळाचं काम करणारा माणूस. पाइपात हवा अडकली की ती कशी कुंथते, कशी शिट्टी मारते, कशी ढेकर देते, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. तीस वर्षं तेच ऐकत आलोय. हा आवाज हवेचा नाही. तुम्हाला पटलं नाही तर नका पटवून घेऊ, मी भांडायला येणार नाही. पण बुबूची गोष्ट तरी ऐका. सरकारी अहवालात तिच्यावर अडीच ओळी आहेत आणि त्यातही तिचं नाव चुकवलंय.

बुबू म्हणजे आजी. सगळं वाइदामू गाव तिला बुबूच म्हणायचं, तिच्याहून दोनच वर्षांनी लहान असलेले म्हातारेसुद्धा. गावप्रमुख रातू एरोनीची ती पाठची बहीण. सख्खी भावंडं, म्हणून इथल्या रीतीप्रमाणे अर्थातच वयात आल्यापासून एकमेकांशी एक शब्द बोललेली नव्हती. एकाच घरात, एकाच चटईवर जेवायला बसायची, तीही पाठीला पाठ करून. रातू आधी तीनदा घसा खाकरायचा. तो आवाज आला की गावात जो जिथं असेल तिथं खाली बसायचा. हातात कुऱ्हाड असो, डोक्यावर कंदांची पाटी असो. प्रमुख बोलणार आणि आपण उभे, असं वाइदामूत होत नाही. मग तो समोरच्या भिंतीकडे बघून म्हणायचा,

"कोणी त्या बाईला सांगा, माशात मीठ कमी आहे."

मधे बसलेल्यानं, आणि मधे बहुतेक मीच सापडायचो, वळून सांगायचं, "बुबू, मीठ कमी आहे म्हणतात."

"त्यांना सांग, समोर अख्खा समुद्र आहे. बुडवून खा म्हणावं."

हे मी तोंड सरळ ठेवून पुन्हा सांगायचं. माझ्यासारख्या तापट माणसाला ही शिक्षाच होती. एकदा वैतागून म्हणालो, "तुम्ही दोघं एकमेकांना ऐकू येताय, मी कशाला?" तर दोघंही एकदमच हसली. पाठीला पाठ लावून, वेगवेगळ्या भिंतींकडे बघत. त्या दोघांचं एकत्र हसणं मी तेवढं एकदाच ऐकलं.

माझे आजे परमुलखातून बोटीनं इथं ऊसतोडीला आणलेले. मी या गावात आलो तो चर्चच्या टाकीचा नळ बसवायला, आणि राहिलो. बुबू मला नावानं कधी हाक मारायची नाही. "नळवाल्या" म्हणायची.

लग्न होऊन ती नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या गावी गेली होती. नवरा झाड तोडताना त्याच झाडाखाली गेला. अडतिसाव्या वर्षी मुलीला घेऊन ती माहेरी परत आली. पुढे मुलगी हॉटेलात चादरी धुवायला शहरात गेली आणि नात अकेसा बुबूकडे राहिली. पाच वर्षांची, काळी कुळकुळीत, दिवसभर पाण्यात. गावाचं गटार जिथं समुद्राला मिळतं तिथंच एक लहानशी खाडी आहे. पाणी उथळ, लाटा नाहीत, म्हणून सगळी पोरं तिथंच डुंबायची. अकेसाला ताप आला, पोटात काही ठरेना, आणि आठव्या दिवशी ती गेली.

तिला पुरल्यावर पाचव्या दिवशी बुबू हातात काठी घेऊन घरातून निघाली. गावाच्या वरच्या टोकाचं शेवटचं घर, तिथून तिनं पाण्याचा माग धरला. चुलीमागची मोरी, कपडे धुवायचा दगड, डुकरांचे खोपे, पुन्हा मोरी, पुन्हा खोपे. एकतीस घरं. लोक दारात उभे राहून बघत होते. एकजण म्हणाला, "बुबू, काय हरवलं?" ती म्हणाली, "सापडलं." आणि गटार खाडीत पडतं तिथं ती बसून राहिली, भरती पायाला लागेपर्यंत.

संध्याकाळी माझ्या दारात.

"नळवाल्या, घाण पाणी साफ कशानं होतं?"

"यंत्रानं."

"यंत्र कोण देणार?"

"कोणी नाही. सरकारी साहेब येऊन गेले ना? आराखडा दाखवला, फोटो काढले, आपलं यांगोनाच्या मुळ्यांचं पेय प्यायले, इथंच चटईवर घोरले आणि गेले. यंत्राला वीज लागते, वीज आपल्याकडे दुपारी जाते."

"यंत्र नव्हतं तेव्हा कशानं साफ व्हायचं?"

शाळा मी सहावीत सोडली, पण नळातलं मला कळतं हा माझा गर्व. त्या बाईनं तो एका प्रश्नात उतरवला.

"माझ्या सासरी दलदल आहे," ती म्हणाली. "वरच्या बाजूला रानडुकरं लोळतात. खालच्या बाजूला गोड्या पाण्यातले झिंगे राहतात, आरपार दिसतील असे. मधे काय आहे? गोटे आणि देवनळाचं उंच गवत. बाकी काही नाही. तू मला तेवढं मधलं बांधून दे."

तसं ते सुरू झालं. मी तिला शिकवलं म्हणतील, खोटं आहे. मी उतार काढला, पाइप जोडले, एवढंच. बाकीचं तिनं चुकत चुकत शोधलं. गटाराच्या तोंडाशी नारळाची सोडणं ठासून भरलेलं पिंप, म्हणजे तेल आणि भाताची शितं तिथंच अडतात. मग खणलेला लांब वाफा, तळाला चिकणमाती आणि ताडपत्री. दोन्ही टोकांना मोठे गोटे, मधे बारीक, त्यात देवनळ. पाणी वरून दिसायला नको, गोट्यांच्या आतून सरपटत गेलं पाहिजे. या टोकाला शिरलेलं पाणी त्या टोकाला यायला चार दिवस लागतात. येतं तेव्हा त्याला वास नसतो.

पहिला वाफा दोन महिन्यांत तुंबला. का? गोटे धुतलेले नव्हते. त्यांची माती तळाला बसली. बुबूनं सगळे उपसले. तेव्हापासून तिचा नियम: नदीचा गोटा तीन चाळण्यांतून काढायचा आणि धुतलेलं पाणी पिण्याजोगं दिसेपर्यंत धुवायचा. गावातले पुरुष टिंगल करायचे. "बुबू, दगडांना साबण पण लाव. पावडर लाव." ती म्हणायची, "तुझं तोंड आण, दोन्ही एकदमच धुते."

परवानगी मात्र भावाची लागणारच होती. रातू एरोनीनं तीनदा घसा खाकरला, आम्ही सगळे बसलो, आणि तो म्हणाला, "कोणी त्या बाईला सांगा, खण म्हणावं. पण माझ्या घराच्या वाऱ्याला नको." जरा वेळानं, हळू: "आणि सांगा, त्या पोरीचं मला कळतं."

हा निरोप मी दिला नाही. ती माझ्या शेजारीच बसली होती, तिनं ऐकला होता.

वर्षभरात खाडीतल्या पोरांच्या अंगावरचे फोड गेले. पण एक वाफा सतत चालला की दमतो. त्याला आठवडाभर कोरडं पडू द्यावं लागतं, श्वास घेऊ द्यावा लागतो. म्हणून दुसरा. त्याचा खड्डा तयार होता, गोटे तयार होते. चाळलेले, धुतलेले, अंगठ्याएवढे काळे गोटे उंडीच्या झाडाखाली ढीग घालून ठेवलेले. आणि त्याच आठवड्यात रातू एरोनी वारला.

रातू गेला म्हणून समोरचा प्रवाळाचा पट्टा बंद झाला. पाण्यात काठ्या रोवल्या, त्यांना कापड बांधलं. शंभर रात्री तिथं कोणी जाळं टाकायचं नाही, शंख उचलायचा नाही. शंभराव्याला उघडायचा आणि पहिल्या माशांचं जेवण.

बुबू मयताच्या घरात बसली. बहीण म्हटल्यावर दहाव्यापर्यंत बाहेर पडायचं नाही. कबरीवर घालायचे गोटे गावातल्या बायकांनी नदीवरून आणले. एकेकीनं आपापले निवडलेले. कोणाचा चपटा, कोणाचा मुठीएवढा, कोणाचा लालसर. प्रत्येक गोटा उचलताना मेलेल्याचं नाव घ्यायचं, मग सुगंधी खोबरेल चोळायचं आणि मगच ढिगात ठेवायचा. म्हणजे ते गोटे राहत नाहीत. ते त्याचं अंगच होतं. हा ढीग नीरफणसाखाली, वाटेच्या अलीकडे. पलीकडे, उंडीखाली, बुबूचा.

मी शहरात पाइपांचे सांधे आणायला गेलो होतो. नाहीतर हे झालं नसतं. याबद्दल मी स्वतःला अजून शिव्या देतो.

चौथ्या दिवशी कबरीवर दगड घालायला तरुण पोरं आली, वरच्या गावांतून आलेली पाव्हणी पोरंही त्यांत होती. त्यांनी दोन ढीग बघितले. एक वेडावाकडा, एक एकसारखा, काळा, चमकणारा, धुतलेला. प्रमुखाच्या कबरीवर कुठला घालायचा? तुम्ही काय केलं असतं? त्यांनी चांगला उचलला.

आणि दहाव्याच्या जेवणाला पाचशे माणूस येणार, घाण पाणी भरपूर होणार, म्हणून गावकारभारी म्हणाला की बुबूचा दुसरा वाफा भरून टाका, पाणी सोडा. तिला बिचारीला तेवढाच हातभार. पोरांनी उरलेला ढीग वाफ्यात ओतला. वरून देवनळ लावलं.

कोणाचं काही चुकलं, असं मला म्हणता येत नाही.

दहाव्याला बुबू बाहेर आली. आधी कबरीवर गेली. मी बरोबर होतो. ती वाकली, एक गोटा उचलला, अंगठ्याशेजारी धरून बघितला. मग दुसरा. मग तिनं ते दोन्ही जागेवर ठेवले, इतके हळू की आवाज झाला नाही, आणि वाफ्याकडे चालू लागली. तिथं गुडघ्यावर बसून देवनळाच्या मुळाशी हात घातला. बाहेर आला तो लालसर, चपटा गोटा. अजून तेलकट. वर डुकरांच्या खोप्यांकडून पाचशे माणसांचं पाणी येत होतं.

"नळवाल्या," ती म्हणाली, "हा माझ्या चुलतबहिणीचा गोटा आहे. मी दारातून तिला चोळताना पाहिलंय."

मी म्हणालो, "गोटा तो गोटा. पुरून टाक. कोणाला सांगू नकोस."

"हे अंग आहे त्याचं."

"सांगितलंस तर आज संध्याकाळी वाफा उपसतील. दोन्ही उपसतील. मग पाणी कुठं जाणार? बोल ना. कुठं जाणार?"

ती खाडीकडे बघत राहिली. तिथं पोरं होती. तिनं गोटा परत आत ठेवला आणि वर माती लोटली. मला वाटलं, मिटलं. मला असं नेहमी लवकर वाटतं.

अकराव्या दिवशी भर दुपारी, ओहोटी पूर्ण उतरलेली असताना, आवाज आला. मी पिंपातली सोडणं बदलत होतो. दोन बारके, एक लांब. विचार करायच्या आधी मी खाली बसलो होतो. मग आठवलं की तो मेलाय.

मी उठलो, पाइप उघडला, हवा सोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी सांधे बदलले. पुन्हा. मग दुसऱ्या वाफ्याच्या विश्रांतीचा आठवडा आला, मी वरचा व्हॉल्व्ह बंद केला, खालचा बंद केला, वाफा कोरडा पडू दिला. पाणी नाही, ओढ नाही, काही नाही. दुपारी त्या कोरड्या गोट्यांच्या आतून, जमिनीच्या हातभर खालून, कोणीतरी घसा साफ केला. बोलायच्या आधी करतात तसा. आणि मग बोललं नाही. तेच वाईट होतं. बोललं असतं तर बरं झालं असतं.

हळूहळू गावाला कळलं. ज्यानं ऐकलं तो त्याबद्दल बोलला नाही, पण वाट बदलली. कुत्री त्या बाजूनं जाईनात. दुसऱ्या वाफ्यातलं देवनळ पहिल्याच्या दुप्पट वाढलं आणि सगळं एकाच बाजूला कललं. वाऱ्याच्या विरुद्ध, रातूच्या घराकडे. साठ-सत्तर दिवस घाण पाणी रिचवून त्या वाफ्याला वास कसला यायचा माहीत आहे? सुगंधी खोबरेलाचा. खालच्या तोंडातून पडणारं पाणी मी बाटलीत धरून उन्हात बघितलं. मी इतकं स्वच्छ पाणी नळातून आलेलं कधी पाहिलं नाही. मला ते पाणी आवडलं नाही.

रातूचा मुलगा तानिएला आता प्रमुख. बापाइतका दांडगा, बापाइतका विनोदी नाही. एका दुपारी तो वाफ्याच्या वाटेवर थांबला. बुबू पिंपापाशी होती. तो तिला नेई म्हणायचा, आत्या.

"नेई, तुझ्या खड्ड्यात कोण आहे?"

"पाणी."

"माझ्या बापाचा आवाज काढतं तुझं पाणी?"

"तुझ्या बापाचा आवाज माझ्याहून तुला जास्त माहीत. माझ्याशी तर तो कधी बोललाच नाही."

तानिएलानं वाफ्याकडे एकदा बघितलं. जाताना म्हणाला, "शंभराव्याला प्रवाळ उघडू. मासे चांगले निघाले तर ठीक. नाहीतर हा खड्डा मी बुजवणार. लोक घाबरलेत."

तेव्हापासून बुबूनं जेवण कमी केलं. रोज दुपारी ती दुसऱ्या वाफ्याशी जाऊन बसायची, त्याच्याकडे पाठ करून, सोडणं पिंजत. आवाज आला की तिचे हात थांबायचे. संपला की पुन्हा चालू. मी म्हणायचो, "कशाला छळून घेतेस?" ती म्हणायची, "तो काहीतरी सांगणार आहे. मधे कोणी नाही म्हणून थांबलाय."

नव्व्याण्णवाव्या दिवशी ऊन चढल्यावर ती माझ्याकडे आली. कमरेला धुतलेला सुलू, केसांना तेल.

"चल. मधे बस."

"कुठं?"

"तुला माहीत आहे कुठं."

मी देवधर्म मानतो, नाही मानतो, ते जाऊ द्या. पण रणरणत्या उन्हात गोट्यांच्या खड्ड्याशी बोलायचं, तेही निरोप म्हणून, याची मला लाज वाटली. कोणी बघत नाही ना हे मी दोनदा पाहिलं. बुबू वाफ्याकडे पाठ करून बसली. मी मधे.

घसा खाकरला गेला. दोन बारके, एक लांब.

बुबू म्हणाली, "त्यांना सांग, त्यांचे गोटे माझ्या वाफ्यात आहेत हे मला दहाव्या दिवसापासून माहीत आहे. मी गप्प बसले. पोरांसाठी बसले, पण बसले. उद्या मी सगळ्यांसमोर सांगणार. मग गाव काय करायचं ते करील. त्यांना विचार, त्यांना काय पाहिजे."

मी वळलो. देवनळाकडे तोंड करून शब्दन् शब्द सांगितला. घामानं डोळे चुरचुरत होते. शेवटचा शब्द संपला तेव्हा वारा पडलेला होता आणि देवनळ हललं. नुसतं हललं.

मग मी बोललो. म्हणजे माझं तोंड बोललं. मी मनात ठरवलेलं एवढंच होतं, "बघ, काही नाही, चल घरी." बाहेर आलं ते असं:

"कोणी त्या बाईला सांगा, गोटे हलवू नका. मुलं खाली पोहतात."

आवाज माझाच होता. पण "त्या बाईला" मी तिला आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

बुबूनं सुलू सारखा केला. मग पाठमोरीच म्हणाली, "हे तू म्हणालास की तो? खरं सांग. तुलाही वाफा वाचवायचाच आहे."

"मला माहीत नाही," मी म्हणालो. तेच खरं होतं. आजही तेच आहे.

"मग हे गावाला सांगायचं नाही. माझं मी सांगीन, तेवढंच."

शंभराव्याला सगळं गाव खाडीकाठी. चटया, कंद, नारळाचं दूध, यांगोनाचं भांडं. काठ्या उपटायच्या आधी बुबू उठली. खरं तर तिनं माफी मागायला कोणाला तरी मधे घ्यायचं, देवमाशाचा दात पुढं ठेवायचा. दात तिच्या हातात होता. पण बोलली ती स्वतः, उभ्या गावासमोर, अंगठ्याएवढ्या काळ्या गोट्यापासून लालसर चपट्या गोट्यापर्यंत. एकही शब्द गाळला नाही. फक्त आदल्या दुपारचं सोडून.

पहिल्यांदा कोणाला कळेचना. मग ज्या पोरांनी दगड वाहिले होते त्यातल्या एकानं तोंडावर हात घेतला. मग तिच्या चुलतबहिणीनं हंबरडा फोडला.

तानिएला उठला. "शंभर दिवस, नेई. माझ्या बापाच्या डोक्यावर डुकरांचं मूत सोडलंस?"

"सोडलं नाही. सुटलं. पण दहाव्यापासून गप्प बसले, ते माझं."

"फावडी आणा," तानिएला म्हणाला. दाताकडे त्यानं बघितलंही नाही.

मी आडवा गेलो. मला दोघांनी उचलून बाजूला ठेवलं, टेबल ठेवतात तसं. मी ओरडत होतो, काय ते आता आठवत नाही, चांगलं नसणार. वीसेक पुरुष फावडी घेऊन वाफ्याकडे निघाले, मागून सगळं गाव. बुबू सगळ्यांत मागं, सावकाश. ती आडवी गेली नाही. सांगायचं होतं ते तिनं सांगून टाकलं होतं.

ते वाफ्याभोवती उभे राहिले. ऊन बरोबर डोक्यावर. समुद्र पार मागं गेलेला, प्रवाळ उघडं पडलेलं. तानिएलानं पहिलं फावडं उचललं.

दोन बारके. एक लांब.

वीसच्या वीस माणसं खाली बसली. ठरवून नाही. फावडी हातात तशीच. मागचं गाव बसलं, बायका, पोरं, पास्टर. मला धरून ठेवणारे दोघे बसले आणि त्यांच्याबरोबर मी. सगळ्यांत शेवटी तानिएला, जन्मल्यापासून जसा बसत आला होता तसा, मांडी घालून, मान खाली.

आता प्रमुख बोलेपर्यंत उठता येत नाही. आणि प्रमुख काही बोलत नव्हता.

आम्ही बसून राहिलो. किती वेळ, कोणी मोजला नाही. भरती चढायला लागली. एका तान्ह्या पोराचा लंगोट बदलायचा होता, आईनं तो बसूनच बदलला. बसलेल्या माणसाला खड्डा खणता येत नाही. सगळ्यांना ते एकेक करून कळत गेलं, चेहऱ्यांवरून दिसत होतं. शेवटी तानिएलानं फावडं जमिनीवर आडवं ठेवलं. बसल्या बसल्याच हात मागं करून, सगळ्यांच्या हातोहात पुढं आलेला आत्याचा देवमाशाचा दात घेतला. म्हणजे मिटलं. तो रांगत वाफ्यापासून मागं गेला आणि पुरेसा लांब गेल्यावरच उभा राहिला. त्याच्यामागं आम्ही सगळे तसेच.

त्या दिवशी प्रवाळ उघडलं तेव्हा मासे निघाले. बरे निघाले. फार नाही. मी वाढवून सांगणार नाही.

पण पुढचं ऐका, कारण अहवालात हे नाही. तेव्हापासून वाइदामूत गटारात कोणी तेल ओतत नाही. कोणी लंगोट टाकत नाही, प्लास्टिक टाकत नाही. ज्यांना मी दहा वर्षं ओरडून सांगितलं ते आता मोरीवर भांडं घासताना आधी केळीच्या पानानं पुसून घेतात. खाली कोण आहे ते त्यांना माहीत आहे. वाफ्यावरून जाताना सगळे कमरेत वाकतात आणि "तुलोऊ" म्हणतात, मोठ्या माणसाच्या पुढून जाताना म्हणतात तसं. साहेब लोक दुसऱ्यांदा आले, पाणी तपासलं, म्हणाले, देखभाल फार उत्तम आहे, कोणती समिती आहे? मी म्हणालो, आहे एक. साहेब वाफ्यावर ताठ उभा होता. गावातल्या बायका त्याच्याकडे अशा बघत होत्या की त्याला जेवण जाईना.

बुबू त्यानंतर सहा वर्षं जगली. रोज दुपारी पाठ करून सोडणं पिंजायची. भाऊ पुन्हा काही बोलला का, मी कधी विचारलं नाही. तिनं मला पुन्हा मधे बसवलं नाही.

गेल्या वर्षी ती गेली. तिच्या कबरीवर घालायचे गोटे आम्ही तीन चाळण्यांतून काढले, पाणी पिण्याजोगं दिसेपर्यंत धुतले, आणि या खेपेला ढिगापाशी मी स्वतः चार दिवस बसून राहिलो.

मला वाटलं होतं, आता आवाज थांबेल. तिच्यासाठीच होता ना? ती गेल्यावर आठ दिवस थांबलाही. नवव्या दुपारी मी एकटाच पिंपापाशी होतो. दोन बारके, एक लांब. आणि मग माझं तोंड उघडलं.

"कोणी त्या बाईला सांगा," मी म्हणालो, "सोडणं कुजलीत."

हात घालून बघितलं. कुजली होती.

आता दर महिन्या-दीड महिन्यानं हे होतं. मी उठतो, टेकडीवर तिच्या कबरीपाशी जातो, तिच्याकडे तोंड करून उन्हात उभा राहतो आणि सांगतो, "बुबू, ते म्हणतात, सोडणं बदला." जरा थांबतो. मग खाली येतो आणि बदलतो.